हरवल्याची नोंद

दरवर्षी पानगळ सुरू झाली की नदीकाठच्या मैदानावर रहिवासी मंडळाचा मेळा भरायचा. एकच दिवस, शनिवार, सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत. डोळे दिपवणारं असं त्यात काही नव्हतं. सगळ्यांत जड भोपळ्याची स्पर्धा, कुंड्यांमधल्या फुलांचं प्रदर्शन, पोत्यात पाय घालून पळायची शर्यत, हौशी मंडळींचा बँड आणि भाजलेल्या कणसांच्या दोन गाड्या. बँड बेसूर वाजायचा, भोपळ्याच्या निकालावरून दरवर्षी दोघंतिघं एकमेकांशी बोलेनाशी व्हायची, आणि तरी पुढच्या वर्षी सगळी मंडळी लेकराबाळांसकट हजर.

मंचाच्या डाव्या अंगाला निळ्या ताडपत्रीखाली एक टेबल असायचं. टेबलावर माइक, जाड वही आणि ‘हरवले-सापडले’ अशी पाटी. टेबलामागे ऑपरेटरबाई.

बाईंनी एकतीस वर्षं मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर काढली होती. अख्ख्या शहराला त्यांचा आवाज पाठ. दुकानात नुसतं ‘अर्धा किलो बटाटे’ म्हणाल्या तरी मागून कुणीतरी विचारायचं, "इस्पितळातल्या ना हो तुम्ही?" आवाज गोड वगैरे नव्हता, पण तो कधी चढला नाही की कधी कापला नाही. पलीकडचा माणूस धाय मोकलून रडत असला तरी बाई म्हणायच्या, "थांबा, जोडून देते." आणि तो थांबायचा. निवृत्त झाल्यावर मंडळाच्या सेक्रेटरीने घरी येऊन गळ घातली, "बाई, मेळ्यात एक दिवस आमच्यासाठी बोला." तेव्हापासून ते टेबल त्यांचं झालं.

त्या टेबलावर काय काय आलं नव्हतं! चपला, टोप्या, छत्र्या, मांजराचं पिल्लू, एकदा तर चक्क कवळी. कवळीचा मालक संध्याकाळी तोंडावर रुमाल धरून आला, तेव्हा ओळख कशी पटवून घ्यायची या विचारानेच बाईंच्या अंगावर काटा आला होता. आणि पोरं तर किती तरी. रडून लाल झालेल्या पोराला खुर्चीवर बसवायचं, हातात बिस्कीट द्यायचं, नाव विचारायचं, पुकारा करायचा. दहा मिनिटांत आई धापा टाकत यायची, आधी एक धपाटा आणि मग मिठी. बाई वहीत लिहायच्या: सापडला. खाली एक रेघ. एकाही नोंदीखाली रेघ मारायची राहिली नव्हती.

त्या वर्षी दुपारी तीनच्या सुमाराला एक म्हातारा सरळ टेबलाशी आला. उंच, पण खांदे पडलेले. स्वेटरची बटणं एक घर चुकवून लावलेली.

"इथंच नोंद करतात ना हरवलेल्यांची?"

"हो, बसा," बाई एका छत्रीला चिठ्ठी बांधत होत्या, "काय हरवलं?"

उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी मान वर केली आणि हातातला दोरा सुटला. समोर त्यांचा दादा उभा होता.

चौदा वर्षं. पुलाच्या अलीकडे बाई, पलीकडे दादा, मधे एक नदी, आणि चौदा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. बाईंनीच पाहिलं नव्हतं, असं म्हणायला हवं. त्या वेळी त्यांचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. जरा गुंतागुंत झाली, ताप उतरेना, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीन आठवडे पडून होत्या. त्याच दिवसांत इकडे घरी आई गेली. झोपेतच गेली. दादाने ठरवलं, हिला सांगायचं नाही. डॉक्टरांना बजावलं, नर्सना बजावलं, खाली टेलिफोनवर बसणाऱ्या बाईंच्या मैत्रिणींनासुद्धा हात जोडून सांगितलं. शहरातल्या प्रत्येक मरणाची बातमी जिच्या हातून जायची, तिच्या आईची बातमी तेवढी तिच्या दारापाशी अडवून ठेवली.

तेही एक वेळ बाईंनी गिळलं असतं. पण दादा नऊ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ भेटायला येत राहिला. आईचे निरोप घेऊन. "आई म्हणाली, पातळ खिचडी तरी खा." "आई म्हणाली, बरी हो लवकर, वाट बघतेय." बाई त्या निरोपांना उलट निरोप द्यायच्या. "तिला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव." दादा मान हलवायचा, "सांगतो." दहाव्या दिवशी त्याने खरं सांगितलं, तेव्हा बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी नऊ दिवस मेलेल्या बाईला निरोप पाठवत होते. आणि तू ते घेत होतास. जा इथून."

तो गेला. नंतर कितीदा आला, दारात उभा राहिला, वहिनी होती तोवर तिला पाठवलं. बाईंनी दार उघडलं नाही. त्यांचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दादा सोडला तर रक्ताचं म्हणावं असं माणूसच नव्हतं, आणि म्हणूनच की काय, त्यांनी अबोला असा धरला की सोडायचा कसा हेच विसरून गेल्या.

आणि आता तो टेबलावर दोन्ही हात टेकून उभा होता. ते हात त्यांनी लगेच ओळखले. बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभी हयात गेली त्याची. नखांच्या कडांत शिरलेलं काळं ग्रीस कशानेही निघालं नव्हतं.

"बाई, ऐकताय ना?" तो म्हणाला. "माझी बहीण हरवली आहे."

बाईंना हसू फुटायला आलं. हा त्याचाच ढंग! लहानपणापासून भांडण मिटवायला समोरून कधी यायचा नाही, असा काहीतरी विनोद पुढे करून यायचा. चौदा वर्षांनी का होईना, आला. आपणही लगेच विरघळायचं नाही, असं ठरवून त्यांनी चेहरा शक्य तेवढा कोरा ठेवला.

"असं? केवढी आहे बहीण?"

"सहा वर्षांची."

"बरं. आणि हरवली कधी?"

"आत्ताच. इथंच होती. मी कणीस घ्यायला हात सोडला तिचा. एवढासाच वेळ." त्याचा आवाज चिरकला. "बाई, लिहा ना. तुम्ही लिहीत का नाही?"

बाईंनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे विनोद नव्हता. चौदा वर्षांचा राग नव्हता, ओशाळलेपण नव्हतं. तिथे बाईच नव्हत्या. एका अनोळखी म्हाताऱ्या बाईकडे पाहावं तसा तो पाहत होता, आणि त्याचे ओठ भेदरलेल्या मुलासारखे थरथरत होते.

इस्पितळात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला काय झालं आहे ते समजायला कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी वही पुढे ओढली, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

"तुमचं नाव?"

तो विचारात पडला. तळहातांकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं असावं. मग वैतागून म्हणाला, "ते मागाहून लिहा. आधी तिचं लिहा. ठकी."

ठकी. हे नाव आता या जगात घेणारं कुणी उरलं नव्हतं. आई घ्यायची, आणि हा.

"अंगात काय आहे तिच्या?"

"हिरवा झगा. खिसा उसवलाय एका बाजूने. हनुवटीखाली खोक पडलेल्याची खूण आहे. माझ्यामुळे झालं ते, मी झोका जोरात दिला. फार काही लागलं नव्हतं," तो घाईघाईने म्हणाला, "पण खूण राहिली."

बाईंचा हात आपोआप हनुवटीकडे गेला आणि त्यांनी तो मधेच खाली घेतला.

तो दिवस त्यांना आठवत होता, पण भलत्याच बाजूने. सहा वर्षांच्या होत्या. याच मैदानावरच्या मेळ्यात मंचाखाली घड्या घालून ठेवलेल्या कापडांवर चढल्या आणि तिथेच डोळा लागला. उठल्या तेव्हा दादा पाय धरून ओढत होता. चौदा वर्षांचा होता तो. घरी जाताना त्याने त्यांना उगाचच दोन कणसं घेऊन दिली होती. त्यांच्या लेखी ती एक झकास दुपार होती, गाढ झोप आणि दोन कणसं.

"नदीकडे बघून आलो मी," दादा आता सांगत होता. "दोनदा. कडेच्या गवतात उतरून बघितलं. पाण्यात काहीतरी हिरवं दिसलं, तर मी..." तो थांबला. त्याने टेबलाची कड पकडली. "शेवाळ होतं. शेवाळच होतं ते."

एवढ्या वर्षांत हे नदीचं त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"आणि हे बघा," तो पुढे वाकून कुजबुजला, "आईला सांगू नका. तिला सहन होणार नाही. मी शोधतो, मी आणतो तिला. घरी गेल्यावर आम्ही काही बोलणार नाही. आईला कळायलाच नको."

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, दादाने त्यांना इस्पितळात ऐकवलं होतं. ‘तुला सहन झालं नसतं गं.’ तेव्हा त्यांना त्यात फक्त धाकटीला कमी लेखणं ऐकू आलं होतं.

पण आधी याच्याबरोबर कोण आहे ते शोधायला हवं होतं. त्यांनी माइक ओढला आणि दादाच्या मुलाचं, भाच्याचं नाव घेऊन पुकारा केला, असाल तिथून ताबडतोब हरवले-सापडलेच्या टेबलाकडे या. आवाज नेहमीसारखाच सरळ गेला.

दादा मात्र उसळला. "हा कोण? हे कुणाचं नाव घेताय? तिचं सांगा ना! अंधार पडेल थोड्या वेळाने!" आणि तो वळून निघालासुद्धा, नदीच्या दिशेने.

बाईंनी टेबलाला वळसा घालून त्याची बाही धरली. "थांबा. सांगते. बसा तुम्ही, मी सांगते."

सहा वर्षांची मुलगी नदीकाठी हरवली, असा खोटा पुकारा हजार माणसांत केला तर काय होईल, हे त्या जाणून होत्या. त्यांनी बसता बसता माइकची कळ हळूच खाली केली आणि मेलेल्या माइकमध्ये बोलायला सुरुवात केली. "एक सूचना. सहा वर्षांची एक मुलगी..."

दादाने कान टवकारले. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा रोग सांगणारा माणूस तो. त्याने मान वर करून खांबावरच्या भोंग्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. रागावला नाही. हात पुढे केला, माइक उचलला, अंगठ्याने चाचपला आणि कळ वर केली.

"बंद राहिलं होतं," तो अगदी मायेने म्हणाला. "होतं असं घाईत. बोला आता."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो इतक्या विश्वासाने पाहत होता की त्याला आता दुसऱ्यांदा फसवणं त्यांच्याने होईना.

"एक सूचना," बाई म्हणाल्या, आणि साऱ्या भोंग्यांतून त्यांचा आवाज मैदानभर गेला. "सहा वर्षांची एक मुलगी हरवली आहे. अंगात हिरवा झगा. हनुवटीखाली खूण आहे. घरात तिला ठकी म्हणतात. तिचा दादा तिची वाट पाहतो आहे."

शेवटच्या वाक्यावर आवाज कापला. मैदानातल्या लोकांनी तो आवाज कापताना कधी ऐकला नव्हता, आणि बहुधा त्यामुळेच जे व्हायचं ते झालं. बँड मधेच थांबला. पोत्यात पाय घातलेली पोरं पोत्यातच उभी राहिली. बायका आपापल्या पोरांचे हात घट्ट धरून टेबलांखाली वाकून पाहू लागल्या. भोपळ्यावरून एकमेकांशी न बोलणारे दोघे जण जोडीने नदीकडे धावले. बघता बघता अख्खा मेळा एका मुलीला शोधायला लागला.

दादा उठून उभा राहिला होता. सगळी माणसं धावताना पाहून त्याच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्यांदा सैलावला. "बघा," तो म्हणाला, "किती जण शोधतायत."

सेक्रेटरी धापा टाकत आला. औषधांचं दुकान चालवणारा गोलमटोल माणूस, पळायची सवय नाही. "बाई, कुठली मुलगी? कुणाची? मी पोलिसांना फोन लावतोय."

"लावू नका," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"अहो, नदी आहे शेजारी!"

"ती मुलगी मी आहे."

सेक्रेटरीने आधी बाईंकडे पाहिलं, मग त्या म्हाताऱ्याकडे, मग त्या चुकलेल्या बटणांकडे. फोन त्याने खिशात ठेवला. "बाई," एवढंच तो म्हणाला, आणि जवळची खुर्ची ओढून स्वतःच बसला.

आता लोकांना थांबवायला हवं होतं. बाईंनी घसा साफ केला. "मुलगी सापडली आहे. सुखरूप आहे. सगळ्यांचे आभार." मैदानाच्या चारी बाजूंनी टाळ्या झाल्या. कुणीतरी शिट्टी वाजवली. बँडवाल्यांनी उत्साहात आधीपेक्षा जास्त बेसूर सुरुवात केली.

"सापडली?" दादा गर्रकन वळला. "कुठंय?"

बाई उठल्या, त्याच्या अगदी समोर गेल्या आणि मान जरा वर केली, खूण दिसेल अशी. "दादा," त्या म्हणाल्या, "मीच ठकी."

त्याने त्यांना नीट निरखून पाहिलं. पांढरे केस, चष्मा, सुरकुत्या. मग चार पावलं मागे सरला. दुखावलेल्या आवाजात, पण सभ्यपणाने म्हणाला, "बाई, तुम्हाला मी चांगल्या घरच्या समजलो. असल्या बाबतीत थट्टा करू नये माणसाने."

तेवढ्यात भाचा आला. हातात दोन कणसं, कपाळावर घाम. चौदा वर्षांपूर्वी कॉलेजात जाणारा पोरगा होता, आता कानाशी केस पिकलेला बाप्या. आत्याला बघून तो जागीच थबकला.

"बाबा, चला, गाडीत बसू या."

"ठकी मिळाल्याशिवाय नाही."

"ती घरी गेली बाबा. पुढे गेली."

दादाने ते लगेच मानलं. कणीस हातात घेतलं आणि खुर्चीवर बसून एकेक दाणा काढून खाऊ लागला.

"किती वर्षं झाली?" बाईंनी विचारलं.

"तीन. पहिल्यांदा किल्ल्या विसरायचे. मग रस्ते." भाच्याने मान खाली घातली. "आत्या, मी तुला फोन करणार होतो. दहा वेळा नंबर काढला. पण डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. म्हणाले, ठकीला कळवायचं नाही. ती धावत येईल आणि झुरत बसेल."

बाईंना संताप यायला हवा होता. पुन्हा तेच, पुन्हा त्यानेच ठरवलं! पण समोर तो कणसाचे दाणे ओळीने सोलत बसला होता, आणि संताप करायला माणूसच जागेवर नव्हता.

"मेळ्याच्या दिवशी गच्चीत बसायचे," भाचा म्हणाला. "वारा इकडून असला की तुझे पुकारे ऐकू येतात पलीकडे. दिवसभर बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, ऊन खातोय. या वर्षी म्हटलं, इथंच घेऊन येऊ. तू दिसलीस तर दिसलीस."

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. त्या दिवशी एका बाईची सहा वर्षांची मुलगी खरोखरच हिरव्या झग्यात होती, आणि ती शेजारी उभी असूनही आई चक्कर येऊन पडली होती. तिने तक्रार केली. सेक्रेटरी म्हणाला, "मी समजूत घालतो तिची, विषय संपला." पण ऑपरेटरबाईंनी आपणहून वही पुढे सरकवली. त्या म्हणाल्या, "चूक झाली ती झाली. दुसरं कुणीतरी बघा." त्या दिवशीच्या नोंदीखाली त्यांनी रेघ मारली नव्हती.

मग त्या रोज दुपारी पूल ओलांडून जायला लागल्या. भाचा कामावर जायचा, त्याची बायको शाळेत शिकवायची, दुपारी दादाजवळ थांबणारी मदतनीस काम सोडून गेली होती, तेव्हा कुणीतरी हवंच होतं. दादा दार उघडायचा आणि ओळखायचा, पण मेळ्यातल्या बाई म्हणून. "आलात? काही कळलं का तिचं?"

सुरुवातीला बाईंनी एक-दोनदा खरं सांगून पाहिलं. फोटो दाखवले, आईचं नाव घेतलं. तो बिथरायचा, दाराशी जाऊन उभा राहायचा, चपला मागायचा. मग त्यांनी नाद सोडला. "माणसं लावलीत शोधायला," त्या म्हणायच्या. "बसा, चहा करते." तो निर्धास्त व्हायचा. मग तासन् तास ठकीबद्दल बोलायचा. ती किती हट्टी आहे, दूध पिताना कसं तोंड करते, रागावली की कशी दार लावून बसते आणि बाहेर कितीही हाका मारल्या तरी उघडत नाही.

"मग तुम्ही काय करता?" बाईंनी एकदा विचारलं.

"काय करणार? बसतो उंबऱ्यावर. कधीतरी उघडेलच की."

त्या दिवशी बाई परत येताना पुलाच्या मधोमध कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. येणारेजाणारे विचारत होते, बरं वाटत नाही का म्हणून.

थंडी सरत आली तसं त्याने ठकीबद्दल विचारणं बंद केलं. बाईंना वाटलं होतं, तो प्रश्न बंद झाला तर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल. तसं झालं नाही. तो खिडकीकडे तोंड करून पडून राहायचा. बाई चमच्याने पेज भरवायच्या. कधी गिळायचा, कधी नाही. एखाद्या दिवशी त्यांचा हात हातात घेऊन बोटं एकेक करून वाकवून पाहायचा, एखादा सुटा भाग नीट फिरतो का ते बघावं तशी.

एका मंगळवारी दुपारी, पावणेतीन वाजता, बाई त्याची उशी सारखी करत असताना त्याचा श्वास थांबला. काही आवाज नाही, धडपड नाही. बाईंनी इस्पितळातल्यासारखी मनगटाची नाडी पाहिली, मग मानेची. डोळे मिटवले. चादर सारखी केली. थोडा वेळ तिथेच बसल्या. मग फोन घेतला.

भाचा कामासाठी बाहेरगावी गेला होता आणि आता परतीच्या वाटेवर असणार होता, एकटा, गाडी चालवत. फोन वाजत असताना बाईंच्या डोक्यात ते सगळं येऊन गेलं. ‘बाबांना जरा बरं नाही, सावकाश ये’ एवढंच म्हणावं. दीड तासाने घरी येईल, मग समोर बसवून सांगावं, पाठीवर हात ठेवून. दीडच तास. त्याने कुणाचं काय बिघडणार होतं? दादाला इस्पितळाच्या त्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर काय वाटलं असेल, ते त्यांना पहिल्यांदा अगदी अंगावर आल्यासारखं कळलं.

"हं, बोल आत्या," पलीकडून आवाज आला. गाडीत रेडिओ चालू होता.

"गाडी बाजूला घे आधी."

"का गं?"

"बाजूला घे. थांबलास की सांग."

रेडिओ बंद झाला. रस्त्याचा आवाज मंदावत गेला. "थांबलो."

"दादा गेला," बाई म्हणाल्या. "आत्ता. पावणेतीनला. मी जवळ होते. त्रास झाला नाही."

पलीकडून एक आवाज आला, मोठ्या माणसाच्या घशातून निघू नये असा. शेजारून ट्रक भोंगे वाजवत जात होते. हमरस्त्याच्या कडेला, गाडीत, तो एकटा होता, आणि बाईंचा हात तिथवर पोहोचत नव्हता. आपण केलं ते बरोबर केलं, असं त्यांना मुळीच वाटलं नाही. दादाचं तेव्हा चुकलं होतं, असंही आता छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

त्यांनी खुर्ची खिडकीशी ओढली आणि फोन कानाशी धरून बसल्या. धीराचे चार शब्द सुचले ते त्यांनी मनातच ठेवले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. समोरच्या गच्चीत कुणीतरी वाळलेले कपडे काढत होतं.

"आत्या," शेवटी भाचा म्हणाला, "आहेस का?"

"आहे."

"फोन ठेवू नकोस. मी... मला अजून गाडी चालवता येणार नाही."

"नाही ठेवत," बाई म्हणाल्या. "तुला हवा तेवढा वेळ घे."